डोक्यावरचे केस आणि हातातले काम

मराठीत ‘सकेशा’ असा एक शब्द आहे. अर्थ सरळ आहे, जिच्या डोक्यावर केस आहेत ती. पण हा शब्द कुणा कुमारिकेला किंवा सवाष्णीला कधी लागला नाही, पुरुषाला तर नाहीच. तो फक्त विधवेसाठी होता, आणि विधवांमध्येही जिने केशवपन करून घेतले नाही तिच्यासाठी. सगळ्यांच्या डोक्यावर असतात ते केस एका बाईच्या डोक्यावर राहिले, तर तिला ओळखून बाजूला काढता यावे म्हणून भाषेने हा शब्द घडवला.

सकेशा विधवेच्या हातचे पाणी कर्मठ घरांत चालत नसे. देवघरात नाही, सोवळ्याच्या स्वयंपाकात नाही. हे आपण आजवर विटाळाचे प्रकरण म्हणून वाचत आलो. जरा पोटाच्या बाजूने वाचून पाहा. ज्या ब्राह्मण विधवेला सासर-माहेरचा आधार उरला नाही, तिला मिळण्यासारखे मानाचे काम जवळपास एकच होते, दुसऱ्याच्या घरी सोवळ्यात रांधायचे. ते काम हवे तर विधवेचे आलवण नेसायचे आणि दर पंधरा दिवसांनी परसदारी न्हाव्यापुढे मान खाली घालून बसायचे. केस ठेवले तर चूल सुटली. नोकरीच्या अटीत केस आले ते आपल्याकडे असे आले, कुठल्याही परदेशी कंपनीच्या नियमपुस्तकाआधी कितीतरी वर्षे.

मी जुन्नरच्या कोर्टात वकिली करते. जमिनीचे वाद, पोटगी, फाळणी यांतच माझी बहुतेक वर्षे गेली. केसांचा कायदा हा विषय माझ्यापुढे आला तो एका मुलीच्या प्रश्नातून. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली, महादेव कोळी घरातली, पदवी घेतलेली मुलगी. दाट, कुरळे, खांद्यावर न मावणारे केस. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात तिची मुलाखत झाली, सगळे पसंत पडले आणि शेवटी तिला सांगितले गेले, “केस सरळ करून या, मग सोमवारपासून कामावर या. हे असं पिंजारलेलं गिऱ्हाईकासमोर बरं दिसत नाही.” पार्लरमध्ये चौकशी केली तर केस सरळ करायचा खर्च पहिल्या पगाराला भिडणारा निघाला. ती माझ्याकडे आली आणि तिने विचारले, “ताई, हे बेकायदा आहे का?” मी त्या दिवशी तिला सरळ उत्तर देऊ शकले नाही. या पुस्तकाची सुरुवात त्या न दिलेल्या उत्तरात आहे.

उत्तर शोधताना आधी आपल्याच मातीत पाहावे लागले, आणि इथे जुन्नर तालुका बरेच काही देतो. सत्यशोधक समाजाची स्थापना 1873 सालची. त्याची मुळे पुण्याबाहेर जिथे खोल गेली त्यांत ओतूर आणि जुन्नरचा परिसर अगदी पुढे होता. सावित्रीबाई फुले यांनी 20 एप्रिल 1877 रोजी जोतीरावांना लिहिलेले दुष्काळाचे पत्र ओतूरहून लिहिलेले आहे. पुढे याच ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न ब्राह्मण पुरोहिताशिवाय लावले, म्हणून जोशीवतनदारांनी त्यांच्यावर दावा लावला आणि तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत लढला गेला. वरवर पाहता या दाव्याचा केसांशी काही संबंध नाही. पण गावगाड्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्यात उघडा पडला: एखादे काम कुणी कुणासाठी करायचे, आणि ते नको म्हणायचा हक्क कुणाला आहे?

तोच प्रश्न 1890 साली मुंबईत न्हाव्यांनी उलट बाजूने विचारला. नारायण मेघाजी लोखंडे तेव्हा ‘दीनबंधु’ पत्र चालवत होते. जोतीरावांचे सहकारी, आणि 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे कामगार पुढारी. त्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली, चारएकशे न्हावी जमले आणि त्यांनी ठरवले की विधवांचे केस यापुढे आपण काढणार नाही. बातमी लंडनच्या वर्तमानपत्रापर्यंत गेली. लोकांच्या आठवणीत या संपाचे श्रेय सावित्रीबाईंनाही दिले जाते, आणि ज्या घराने 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांना दार उघडे केले त्या घराची त्यात प्रेरणा होती हे म्हणायला काहीच हरकत नाही.

मला या घटनेत सर्वांत मोठे वाटते ते हे की ती स्त्रीसुधारणेची म्हणून सांगितली जाते, पण ती कामगार चळवळीची घटना आहे. ज्या वर्षी लोखंड्यांनी गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली, 10 जून 1890, त्याच वर्षी न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला. न्हावी हा बलुतेदार. विधवेचे वपन हा त्याच्या कामाचा भाग, त्याचा मोबदला त्याच्या घरात येणारा. तो मोबदला सोडून ‘हे काम माणसाला शोभणारे नाही, आम्ही करणार नाही’ असे म्हणणे सोपे नव्हते. आणि ज्याने ते म्हटले त्या माणसाच्या धंद्याबद्दल आपली भाषा काय बोलते पाहा. फसवले तर ‘बिनपाण्याची हजामत’, झाडले तर ‘चांगली हजामत केली’. ज्यांच्या कामाची अशी शिवी झाली होती, त्यांनी बायकांच्या डोक्यावरचे केस वाचवण्यासाठी संप केला. या पुस्तकाचे पहिले प्रकरण म्हणूनच कायद्याचे नाही, न्हाव्यांचे आहे.

केशवपनाविरुद्ध इंग्रजी अमलात वेगळा कायदा झाला नाही. 1856 चा विधवाविवाहाचा कायदा लग्नाबद्दल बोलतो, वस्तऱ्याबद्दल नाही. प्रथा मागे हटली ती माणसांच्या हट्टाने. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. तिथे शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंनी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न केले आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांच्या बहिणीची, पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट मला या विषयासाठी जास्त शिकवणारी वाटते. कर्व्यांच्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, आणि बराच काळ वपन केलेल्या वेशातच फिरल्या. पुढे त्यांनी केस वाढवायचे ठरवले तेव्हा बोलणी खाल्ली. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मकथन 1928 साली आले. नोकरी करणाऱ्या बाईला आपल्या डोक्याबद्दल किती लोकांच्या मनाचा हिशेब ठेवावा लागतो, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी ते जरूर वाचावे.

आता जगाकडे वळू. ‘केसांवरून भेदभाव’ हे शब्द कायद्याच्या पुस्तकात आले ते मुख्यतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लढ्यामुळे. 1786 साली, लुईझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, गव्हर्नर मिरो याने कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत असा हुकूम काढला होता. दोनशे वर्षांनी हुकूम गेले, नियमपुस्तके आली. 1981 साली रेने रॉजर्स नावाच्या कर्मचारी स्त्रीने अमेरिकन एअरलाइन्सवर दावा लावला. डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या कंपनीला चालत नव्हत्या. न्यायालय म्हणाले, त्वचेचा रंग जन्मजात असतो, वेणी माणूस स्वतः घालतो, म्हणून हा वंशभेद नाही. 2010 साली अलाबामातल्या मोबाइल शहरात चॅस्टिटी जोन्स यांना जटांसारखे वळलेले केस कापायला सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि देऊ केलेली नोकरी परत घेतली गेली. 2016 साली तिथल्या अपील न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले: जे बदलता येते त्याला संरक्षण नाही.

‘बदलता येते’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण बदलण्याची किंमत कोण देतो? ज्याचे केस मुळात सरळ आहेत त्याला नियम पाळण्यासाठी काहीच करावे लागत नाही. ज्याचे नाहीत त्याने पैसे, वेळ, टाळूवर रसायने आणि स्वतःबद्दलची थोडी लाज असे सगळे मोजायचे. नियम एकच, ओझे एकाच्याच डोक्यावर. मग तिथल्या लोकांनी न्यायालयाचा नाद सोडून विधिमंडळाची वाट धरली. कॅलिफोर्नियात होली मिचेल यांनी आणलेल्या ‘क्राउन ॲक्ट’वर 3 जुलै 2019 रोजी सही झाली. त्याने इतकेच केले की वंश या शब्दाच्या व्याख्येत केसांचा पोत आणि वेण्या, जटा, पिळांसारख्या ठेवणी घातल्या. त्याच महिन्यात न्यूयॉर्कने तसाच कायदा केला, मग एकामागून एक राज्ये आली. देशभरासाठीचे विधेयक 2022 च्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, सिनेटमध्ये अडले.

शब्दांची किंमत किती असते ते टेक्सासने दाखवले. तिथला कायदा सप्टेंबर 2023 मध्ये लागू झाला. एका शाळेने एका कृष्णवर्णीय मुलाला लांब जटांसाठी वर्गाबाहेर ठेवले आणि सांगितले, आमचा आक्षेप ठेवणीला नाही, लांबीला आहे. 2024 साली न्यायाधीशांनी शाळेचे म्हणणे मान्य केले, कारण कायद्यात ‘लांबी’ हा शब्द नव्हता. फ्रान्समध्ये ग्वाडेलूपचे खासदार ऑलिव्हिए सेर्वा यांनी आणलेले विधेयक 28 मार्च 2024 रोजी राष्ट्रीय सभेने मंजूर केले. त्यात कापणी, रंग, लांबी आणि पोत अशी चारही नावे लिहिलेली आहेत. या पुस्तकासाठी कायद्याचा मसुदा लिहायला बसलेल्या आमच्यासारख्यांना या दोन उदाहरणांनी बरेच शिकवले.

दुसरी वाट आहे स्त्री-पुरुष समानतेची. एअर फ्रान्सचा एक पुरुष कर्मचारी डोक्यावर वेण्या घालत असे, आणि त्या लपवण्यासाठी त्याला काही काळ टोप घालून विमानात काम करावे लागले. 23 नोव्हेंबर 2022 रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बायकांना चालणाऱ्या वेण्या पुरुषाला न चालणे हा लिंगभेद आहे. तिसरी वाट धर्म आणि संस्कृतीची. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या पोल्समूर तुरुंगातल्या पाच रक्षकांना जटा ठेवल्याबद्दल कामावरून काढले होते. त्यांतले काही रास्ताफारी होते, काहींच्या जटा खोसा परंपरेतल्या दीक्षेच्या होत्या. 2013 साली अपील न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावले. जटांमुळे तुरुंगाच्या सुरक्षेला नेमका काय धोका होतो, हे सरकारला दाखवता आले नव्हते.

भारतात आपण मुख्यतः या तिसऱ्या वाटेने चाललो. शीख माणसाचे केस आणि पगडी यांना लष्करापासून हेल्मेटच्या नियमापर्यंत मान्यता आहे. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाच्या दाढीचा प्रश्न मात्र 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयात वेगळा सुटला. केस कापणे किंवा दाढी करणे ज्याच्या धर्मात निषिद्धच आहे त्यालाच सवलत, असे न्यायालय म्हणाले. महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाच्या दाढीचा वादही मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. या वाटेची मर्यादा मला इथेच दिसते. तुमचे केस धर्माने सक्तीचे केले असतील तर कायदा ऐकतो. ते नुसते तुमचे असतील, तर नाही.

राज्यघटनेचे कलम 15 आणि 16 सरकारला बांधतात. खाजगी दुकान, शोरूम, पतसंस्था किंवा कारखाना यांना नोकरीत भेदभाव करण्यापासून रोखणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. शशी थरूर यांनी तसे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते, ते पुढे गेले नाही. जे आहे ते तुकड्या-तुकड्यांनी आहे. 2019 चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा खाजगी आस्थापनांनाही लागू होतो, त्यामुळे केस वाढवले म्हणून एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीला नोकरी नाकारली तर दाद मागता येते. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा स्त्रियांशी भरती, बढती, वेतनात भेदभाव करू नये असे सांगतो. आणि एक कायदा असा आहे जो केसांचे थेट नाव घेतो: अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा. 2015 च्या दुरुस्तीने बळजबरीने मुंडन करणे आणि मिश्या काढणे हे त्यात गुन्हे म्हणून लिहिले गेले.

ज्या बैठकांतून हे पुस्तक झाले त्यांतली घोडेगावची बैठक या तरतुदीपाशी बराच वेळ थांबली. तोवर आम्ही केसांवर हात टाकणाऱ्यांबद्दल बोलत होतो. एका वयस्क शिक्षकांनी विचारले, आणि ज्यांच्या केसांना हातच लावला गेला नाही त्यांचे काय? गावातला न्हावी दलितांचे केस कापत नसे, तेवढ्यासाठी तालुक्याला जावे लागे, हे महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी पाहिले आहे. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येत केशकर्तनालय मुद्दाम नाव घेऊन घातलेले आहे ते यासाठीच. शिक्षकांचे म्हणणे होते, “गावात ज्याचे केस कापायचे नाहीत, त्यालाच कचेरीत विचारायचं, हा असा गबाळा का?” त्या वाक्यानंतर या विषयाकडे ‘शहरी बायकांचा सौंदर्याचा प्रश्न’ म्हणून बघणे आमच्यापैकी कुणालाच शक्य राहिले नाही.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कामाच्या जागा फार वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचे केसांशी वेगळे नाते आहे. नारायणगाव घ्या. टोमॅटोचा मोठा बाजार आणि तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. फडावरच्या बाईसाठी केस हे कामाचे हत्यार. अंबाडा, गजरा, केस कमी असतील तर गंगावन. पूर्वी बायकांची कामे करणारे नाचे पोरेही केस राखत. रंगमंचावर त्या केसांना टाळ्या. त्याच लांब केसांचा पुरुष दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम मागायला गेला, की लोक आधी त्याच्या मानेकडे बघत. एका ठिकाणी केसांमुळे काम मिळते, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यामुळेच जाते.

मग कारखाने. ओतूर-आळेफाट्यापासून मंचरपर्यंतची कितीतरी मुले-मुली रोज कंपनीच्या बसने चाकणला जातात. इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण आमच्यावर ‘तुम्हाला शिस्तच नको’ असा आरोप होतो. फिरत्या यंत्रापाशी मोकळे केस जीव घेऊ शकतात. डेअरीत, साखर कारखान्यात, फळांच्या पॅकहाउसमध्ये टोपी घातलीच पाहिजे, अन्नसुरक्षेचे नियम तसे सांगतात आणि बरोबर सांगतात. हे नियम केस बांधायला, झाकायला सांगतात. केस सरळ करा, कापून टाका, काळे करा असे सांगत नाहीत. ते साहेबालाही लागू असतात. आमची कसोटी एवढीच आहे: नियम कामासाठी आहे की बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी? टोपीत मावणाऱ्या केसांबद्दलही कुणी हरकत घेत असेल तर ती हरकत सुरक्षेची नाही.

डोळ्यांसाठी केलेल्या नियमांची यादी लांब आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाने कर्मचाऱ्यांना पांढरे केस रंगवायला आणि टक्कल पडत असलेल्या पुरुषांना पूर्ण डोके भादरायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. याच कंपनीच्या हवाईसुंदरींनी चार दशकांपूर्वी लढून पहिल्या गरोदरपणाला नोकरी जाण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयातून रद्द करून घेतला होता. तो निकाल 1981 चा, रॉजर्स यांचा दावा फेटाळला गेला त्याच वर्षीचा. गरोदरपणाचा नियम गेला, दिसण्याचे नियम राहिले.

जटेबद्दल थोडे जपून लिहिते. डोक्यात जट झाली की ती देवीची म्हणून कापायची नाही, ही समजूत आपल्या भागात अजून आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी पुणे जिल्ह्यात आणि बाहेर कितीतरी बायकांची जट समजावून, त्यांच्या संमतीने सोडवली आहे. मानेचे दुखणे घेऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्या बाईला मोकळे करणे हे मोठे काम आहे, आणि मी त्या बाजूने आहे. तरी आमच्या एका बैठकीत धुण्याभांड्याची कामे करणारी बाई म्हणाली, “जट आहे म्हणून दोन घरांनी काम सोडायला लावलं, आणि कापली असती तर घरच्यांनी हाकललं असतं.” तिला श्रद्धेतून सोडवण्याची वाट बघत तिचे काम काढून घ्यायचे का? रास्ताफारी रक्षकाच्या जटेला आदर आणि आपल्या गावच्या मावशीच्या जटेला किळस, असे आम्हाला करायचे नव्हते. दोन्ही गोष्टी एकदम म्हणाव्या लागतात: जट सोडवायला मदत करू, आणि ती असेपर्यंत तिच्या पोटावर पाय येऊ देणार नाही.

आता केस नसलेल्या डोक्यांकडे. लेण्याद्रीच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू राहिले. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींची नावे आहेत, कारागिरांनी दिलेली दाने आहेत. त्या भिक्खूंनी आपणहून मुंडन केले होते आणि गावाने त्यांना अन्न दिले. त्याच डोंगराखालच्या वाड्यांत पुढे अशा मुली राहिल्या ज्यांना वस्तरा म्हणजे काय हे कळायच्या आधी त्यांच्या डोक्यावरून तो फिरला. दोन्ही डोकी दिसायला सारखीच.

आणि माझी आत्या. तिच्याबद्दल लिहायला तिने परवानगी दिली आहे. ती एका पतसंस्थेत रोखपाल होती, बावीस वर्षे. कर्करोगाच्या उपचारांत तिचे केस गेले. बरी होऊन ती डोक्याला रुमाल बांधून कामावर परतली, तर तिला खिडकीवरून उठवून आत जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवले. “तुम्हालाच त्रास नको, लोक विचारत बसतात,” असे सांगितले. पगार तोच, पद तेच, कागदावर काहीच घडले नाही. आठ महिन्यांनी केस आले, तेव्हा तिला पुन्हा खिडकीवर बोलावले. तिने तक्रार केली नाही. मी वकील भाची घरात असून मलाही त्या वेळी सुचले नाही की यात तक्रार करण्यासारखे काही आहे. पैसे मोजणाऱ्या हाताला काहीच झाले नव्हते. ‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार मी त्यानंतर कधी सहज वापरू शकले नाही.

हे सारे आत्ताच का, असे विचारणारे भेटतात. एक कारण असे की या दोन तालुक्यांतल्या मुली आता शेतातून आणि घरातून काउंटरवर, रिसेप्शनवर, दवाखान्यांत येत आहेत, आणि तिथे ‘बरे दिसणे’ ही न लिहिलेली पात्रता आहे. दुसरे कारण, गावे स्वतः हलू लागली आहेत. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांत राज्य सरकारने इतर गावांना तसे करायला सांगितले. वपन संपले, पण विधवा अंगणवाडी सेविकेने गजरा माळला तर आजही कुजबुज होते. ठराव घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला आहे. तो कामाच्या जागेपर्यंत न्यायचा आहे.

हे पुस्तक त्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव आणि मंचर इथल्या बैठकांत लोक जे बोलले ते त्यांची नावे आणि ठिकाणे बदलून इथे दिले आहे. जगातले निकाल आणि कायदे साध्या मराठीत मांडले आहेत, आणि आज आहे त्या कायद्यात कोणती दाद कुठे मागता येते तेही. आम्ही समाजशास्त्रज्ञ नाही. मोजणी केलेली नाही, टक्केवारी दिलेली नाही. बोललेल्या माणसांत पुरुष कमी आहेत, आणि ठाकर व कातकरी वस्त्यांवर आम्ही पुरेसे गेलो नाही, ही मोठी उणीव आहे. कायदा एकटा पुरेल असाही आमचा दावा नाही. 1890 च्या न्हाव्यांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती. पण त्यांच्याकडे खाली ठेवायला वस्तरा होता. मुलाखतीला एकट्या गेलेल्या मुलीच्या हातात काय आहे? तिच्या हातात निदान एक कलम असावे, म्हणून पुस्तकाच्या शेवटी दुकाने आणि आस्थापना कायद्यात घालण्यासाठी दुरुस्तीचा एक मसुदा आम्ही जोडला आहे.

मसुद्याचे मुख्य वाक्य आम्ही कितीदा तरी बदलले. टेक्सास पाहून ‘लांबी’ घातली, फ्रान्स पाहून ‘रंग’. ‘नैसर्गिक’ हा शब्द ठेवला, मग काढला, कारण जट नैसर्गिक की नाही यावर कोर्टात वर्ष जाईल. शेवटी वाक्य असे झाले: केसांचा पोत, लांबी, रंग किंवा ठेवण यांवरून कोणालाही कामावर घेण्यास, ठेवण्यास किंवा कामाची जागा देण्यास नकार देता येणार नाही. छापखान्यात जाण्याआधी कच्ची प्रत मी आत्याला वाचायला दिली. तिने चष्मा लावून, रोखवही तपासावी तशी, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून वाचली. त्या वाक्यापाशी थांबून पेन्सिल मागितली आणि ‘ठेवण’ या शब्दापुढे काकपद काढून वर लिहिले, ‘किंवा केस नसणे’. मसुदा आता तसाच छापला आहे.